मागच्या चाकाला चकती हवी की जाळी?

गेल्या महिन्यात भडगावातील एका सायकलच्या दुकानात बसलो असता बापलेकांचा एक वाद कानी पडला. गिअरच्या सायकलीला मागच्या चाकावर, दातेरी चकऱ्या आणि स्पोक यांच्यामध्ये, प्लास्टिकची एक पारदर्शक चकती असते. कॉलेजात जाणारा मुलगा ती काढून टाका म्हणत होता, कारण चकतीमुळे सायकल लहान पोराची वाटते. बाप म्हणत होता, कंपनीने बसवली ती काय उगाच? मिस्त्रीने मुलाची बाजू घेतली. "चाचा, वर्षभरात पिवळी पडते, तडकते, मग खडखड वाजते. काढलेलीच बरी." बापाने आमच्याकडे पाहिले. आम्ही कापडाचे व्यापारी, सायकलीतले आम्हाला काय कळणार? तरी या वादाचा आमच्या धंद्याशी संबंध आहे, आणि म्हणूनच या पानावर लिहीत आहोत.

प्रथम चकतीचा हिशेब करू. गिअरच्या सायकलीची साखळी आडवी सरकते. सर्वांत मोठ्या चकरीच्या पुढे ती जाऊ नये म्हणून गिअरच्या यंत्राला एक बारीक स्क्रू असतो. तो नीट बसवलेला असेल तर साखळी हद्द ओलांडत नाही, आणि मग चकतीला काही काम उरत नाही. पण गिअरचे यंत्र उजव्या अंगाला लोंबत असते. सायकल उजव्या कुशीवर पडली की ते आत वाकते. स्क्रू जागेवर असतो, यंत्र मात्र जागा सोडते. चढावर हलका गिअर टाकला की साखळी थेट स्पोकमध्ये घुसते, चाक जाम होते, स्पोक तुटतात आणि चालवणारा खाली येतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात ग्राहक सुरक्षेच्या सरकारी नियमांत गिअरच्या यंत्रामुळे साखळी चाकात अडकू नये अशी सोय असलीच पाहिजे, असे कलम आले. ही चकती म्हणजे तीच सोय.

तेव्हा आमचे मत असे की, जो माणूस सायकल स्वतः तपासतो, पडली की यंत्र सरळ आहे का ते पाहतो, त्याने चकती खुशाल काढावी. शाळा-कॉलेजच्या स्टँडवर जिथे एक सायकल ढकलली की दहा पडतात, तिथल्या सायकलीची चकती राहू द्यावी. आणि आपल्या खेड्यापाड्यात दुधाचे कॅन वाहणारी जी साधी काळी सायकल आहे, तिला गिअरच नाही, साखळी आडवी सरकतच नाही. तिला चकतीची गरज नाही. एवढ्यावर हा वाद मिटतो.

परंतु आम्ही त्या दुकानात नजर फिरवली. मांडून ठेवलेल्या सायकलींत मुलींच्याही बऱ्याच होत्या. गुलाबी रंग, पुढे टोपली, मागे कॅरिअर. त्यांपैकी निम्म्याहून अधिक सायकलींच्या मागच्या चाकाला बाहेरून जाळी नव्हती. जिला सायकलवाले ड्रेसगार्ड म्हणतात, ती जाळी. साखळीने स्पोक तुटू नयेत यासाठी दहा मिनिटे वाद झाला, मात्र माणसाचा कपडा त्याच स्पोकमध्ये जाऊ नये याची चौकशी कोणी केली नाही.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. आम्ही दुकानावर बसू लागलो त्या काळी ओढणी बहुधा सुताची, मलमलीची असे. अडकली की फर्रकन फाटायची. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी नवी घ्यायला यायचे आणि तक्रार संपायची. मग सुरतेचा माल आला. जॉर्जेट, शिफॉन, सारे पॉलिएस्टर. स्वस्त, हलके, रंग पक्का, इस्त्रीची कटकट नाही. आम्ही तो विकला, आजही विकतो. बुरख्याचे निदा कापडही पॉलिएस्टरचेच. या धाग्याचा गुण असा की तो सहजी तुटत नाही, आणि चाकात अडकल्यावर हाच गुण जिवावर येतो. सुती ओढणी फाटून सुटते. ही फाटत नाही, आवळते.

आम्ही मीटर-पट्टीची माणसे आहोत, म्हणून मोजून सांगतो. ड्रेसपीसमधली ओढणी सव्वादोन ते अडीच मीटर असते. सव्वीस इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर. ताशी १२ किलोमीटर वेगाने, म्हणजे अगदी आरामात चाललेल्या सायकलीचे चाक एक फेरा पाऊण सेकंदाच्या आत पूर्ण करते. ओढणीचे टोक स्पोकच्या बाहेरच्या बाजूला अडकले तर गळ्यापाशी ताण यायला अर्धा फेरासुद्धा पुरतो. ब्रेक दाबायची सूचना मेंदूतून हातापर्यंत पोहोचायच्या आत काम झालेले असते. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समधील नीस शहरात मोटारीच्या चाकात गळ्यातला लांब रुमाल अडकून मेली. डॉक्टर लोक अशा अपघाताला आजही तिच्याच नावाने ओळखतात.

तेवढे दूर जायला नको. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक मुलगी भावाच्या सायकलवर कॅरिअरला बसून येत होती. चाकाची जाळी पंक्चर काढताना निघाली होती, ती परत बसवली गेली नव्हती. ओढणी चाकात गेली, पोर मागे फेकली गेली. अल्लाहने वाचवले. गळ्यावर दोरासारखा काळानिळा वळ पंधरा दिवस होता आणि हनुवटीला टाके पडले. दवाखान्यात तिच्या आईने ओढणी आमच्या हातात दिली. ग्रीसने माखली होती, पण कुठे उसवलीही नव्हती. ती आमच्याच दुकानातून गेलेली. विकताना आम्हीच म्हटले होते, "घ्या, दहा वर्षे फाटणार नाही."

मोटारसायकलीसाठी या देशात कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ सांगतो की, मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलीला मागचे चाक किमान निम्मे झाकणारे संरक्षण हवे, जेणेकरून बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. साडी गार्ड म्हणतात ते हेच. सायकल मोटार वाहन नाही, म्हणून हा नियम तिला लागत नाही. जणू कपड्याला इंजिनाचा आणि पायडलचा फरक कळतो!

विलायतेत ही अक्कल फार पूर्वी आली होती. १८९० च्या दशकात तिकडच्या स्त्रिया लांब घागरे घालून सायकल चालवू लागल्या, तेव्हा मडगार्डला भोके पाडून तिथून एक्सलपर्यंत दोऱ्या ताणून बांधीत. हॉलंडमध्ये तर आजही पुरुषांच्या सायकलींनासुद्धा कोटासाठी चाक झाकणारे आवरण असते. त्याचा आणखी एक फायदा आहे. कॅरिअरवर बसलेल्या लहान मुलाची टाच चाकात जाऊन सोलली जाणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. जाळी तीही वाचवते.

आता विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. सायकलवाले म्हणतात, पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. शेतकरी मडगार्डच काढून ठेवतो, तिथे जाळी कोण ठेवणार? हे खरे आहे. म्हणून सबंध पत्रा नको, मोठ्या छिद्रांची जाळीच हवी, म्हणजे चिखल काडीने काढता येतो. दुसरी तक्रार पंक्चरवाल्याची. चाक खोलताना जाळी आड येते, तिचा स्क्रू हरवतो, मग ती कोपऱ्यात पडते. याला उपाय गिऱ्हाइकाच्याच हाती आहे. जाळी बसवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जाळी मिळत नसेल तर जुन्या विलायती पद्धतीने नायलॉनची दोरी मडगार्डपासून एक्सलच्या नटापर्यंत पंख्याच्या आकारात ताणून बांधता येते. मात्र ती घट्ट हवी. ढिली दोरी स्वतःच चाकात जाईल.

मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान देण्याची योजना आहे. २०२२ साली ते वाढवून पाच हजार रुपये झाले. या पैशांतून घेतलेल्या सायकलीला जाळी असल्याशिवाय पावती ग्राह्य धरू नये, एवढे एक वाक्य शासनाने आदेशात घातले तर खर्च कितीसा येणार?

पण शासनाची वाट कशाला पाहायची? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून ओले निघाले, ती हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकली आहे. मालाचा दोष झाकून विकणे ही तिजारत नव्हे. सायकलवाल्या बांधवांनी जाळी नसलेली सायकल विकताना तसे सांगावे, आणि शक्यतो जाळी किमतीत धरूनच द्यावी. आम्हा कापडवाल्यांचीही जिम्मेदारी आहे. ओढणी, बुरखा देताना गिऱ्हाईक सायकलवर येणारे-जाणारे आहे का, एवढे विचारायला हरकत काय?

आमच्या गल्ल्यावर आता सेफ्टी पिनांचा एक डबा ठेवलेला असतो. शाळेच्या मुलीला ओढणी दिली की दोन पिना फुकट, आणि दोन्ही टोके मागे गाठ मारून कमरेशी कशी अडकवायची ते घरातल्या बाया दाखवतात. सुती ओढण्यांचा एक ठोकही पुन्हा मागवला आहे. महाग पडतो, हळूहळू खपतो. आणि त्या बापलेकांचे म्हणाल तर चकती शेवटी राहिली. जाताना बापाने धाकट्या मुलीच्या सायकलीसाठी जाळी मागितली. दुकानात नव्हती. मिस्त्रीने जळगावहून मागवतो म्हणून सांगितले आहे.