खेळ आणि पण

अकोल्याच्या एका भगिनींचे पत्र या महिन्यात आम्हांस आले आहे. या सदरात आम्ही सोंगट्या, गंजिफा, बुद्धिबळे आणि नातवंडांच्या मोबाइलवरील खेळ यांविषयी मोकळेपणाने लिहीत असतो, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. परंतु त्यांच्या घरी जे घडले ते वाचल्यावर योजलेला विषय बाजूस ठेवणे आम्हांस भाग पडले. त्यांच्या धाकट्या दिरांच्या चिरंजीवांनी घरच्या कापसाचे आलेले दीड लाख रुपये मोबाइलवरील पैशांच्या रमीत कोणास न कळविता घालविले. गोष्ट उघडकीस येताच त्यांच्या यजमानांनी खेळ हा शब्दच घरातून हद्दपार केला. सासूबाईंच्या वेळचा सारीपाट माळ्यावर गेला आणि नऊ वर्षांच्या नातीचा बुद्धिबळाचा वर्ग बंद झाला. यजमानांस समजवावे कसे, आणि मुळात त्यांचेच म्हणणे खरे आहे काय, असे त्यांनी विचारले आहे.

यजमानांचा संताप आम्हांस समजतो. दीड लाख रुपये म्हणजे कापूसवाल्या घरचे वर्ष. परंतु त्यांनी दोन निरनिराळ्या वस्तू एका गाठोड्यात बांधल्या आहेत. एक खेळ, आणि दुसरा पण. खेळ म्हणजे नियमांनी बांधलेला विनोद. पण म्हणजे हरणाऱ्याच्या खिशातून निघून जिंकणाऱ्याच्या खिशात जाणारे द्रव्य. हे दोघे इतकी शतके एकत्र राहिले आहेत की लोकांस ते सख्खे भाऊ वाटतात.

आपल्या प्राचीनांस हा भेद ठाऊक होता, आणि पणाचे काय करावे याविषयी त्यांचे एकमत नव्हते. मनूने नवव्या अध्यायात अचेतन वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि प्राणी झुंजवून खेळतात तो समाह्वय अशी व्याख्या करून, राजाने दोहोंचे आपल्या राज्यातून उच्चाटन करावे असे सांगितले. कौटिल्याची दृष्टी निराळी. धर्मस्थीय अधिकरणाच्या अखेरीस तो द्यूताध्यक्ष नेमतो, द्यूत एकाच ठिकाणी चालवावयास लावतो, फासे व कवड्या सरकारी देतो, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करतो, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच वसूल करतो. जुगाराच्या अड्ड्यावर चोर आपोआप सापडतात, हाही त्यात त्याचा एक हेतू. याज्ञवल्क्यही साधारण याच पक्षाचा. बृहस्पतीने तर सरळच म्हटले आहे की मनूने द्यूत निषिद्ध केले, इतरांनी राजाचा भाग ठेवून त्यास मोकळीक दिली.

गंमत अशी की आपल्या सरकारने हा सारा प्रवास दोन वर्षांत केला. 1 ऑक्टोबर 2023 पासून मोबाइलवरील पैशांच्या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा 28 वस्तू व सेवा कर बसला. हा कौटिल्याचा मार्ग. मात्र तो बिचारा फक्त जिंकणाऱ्याकडून, तेही पाचच घेत होता. पुढे 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेने व दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ऑनलाइन गेमिंगचे विधेयक मंजूर केले, 22 तारखेस राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि सरकार मनूच्या पक्षास जाऊन मिळाले. पैशांचा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा. खेळणाऱ्यास मात्र या कायद्याने गुन्हेगार ठरविलेले नाही. अकोल्याच्या यजमानांनी एवढी गोष्ट ध्यानात घ्यावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.

या कायद्यातील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. आजवर पैशांची रमी चालविणारे लोक सर्वोच्च न्यायालयाच्या 1967 च्या एका निकालाकडे बोट दाखवीत. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे त्यात म्हटले होते; आणि कौशल्य आहे तेथे जुगार कसला, असा त्यांचा बिनतोड वाटणारा प्रश्न असे. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूस सारला. जिंकण्याच्या आशेने पैसा लावला की झाला तो पैशांचा खेळ. कंपन्यांनी याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तो भाग वेगळा. परंतु हा विचार आपल्या वऱ्हाडात तरी नवा वाटू नये. कौशल्य आणि पण यांची गाठ प्रथम पडली ती आपल्याच वाटेवर.

अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण त्यास वंदन करतो. दमयंतीचे कुंडिनपूरही परंपरा हेच मानते. नळ राज्य हरला ते द्यूतात. पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन तो कुंडिनपुरास रथ हाकीत असता, राजाने वाटेवरील बेहड्याची पाने आणि फळे क्षणात मोजून दाखविली व त्यास अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकविली. आता नळास कौशल्य आले. त्याने काय केले? पुष्कराकडे जाऊन पुन्हा डाव मांडला, आणि या वेळी पणास लावली प्रत्यक्ष दमयंती. तो जिंकला म्हणून आपण आनंदतो. पण विद्येने माणसाचा हात पटापासून मागे ओढला नाही, उलट धीट केला, हे कथाकाराने लपविलेले नाही. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याची गोष्ट तर याहून वाईट. नातीच्या लग्नात, भोजकट नगरात, त्याने बलरामास फाशांचे आव्हान दिले, हरला असता जिंकलो म्हणाला, आणि बोहल्याजवळच प्राणास मुकला. भोजकट म्हणजे आपली अमरावतीजवळची भातकुली, असे मानणारे पुष्कळ आहेत. कौंडिण्यपूर ते भातकुली हे अंतर मोटारीने असे कितीसे!

पणास वास्तविक खेळ लागतच नाही, ही गोष्टही कापूसवाल्या प्रांतास सांगावयास नको. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावावर लोक पैसे लावीत. त्यासच आकडा म्हणत. त्या पैसे लावणाऱ्यांपैकी कितीकांनी कापसाचे बोंड पाहिले असेल, देव जाणे. 1961 च्या सुमारास न्यूयॉर्कचे भाव येणे बंद झाले, तेव्हा धंदा बुडाला काय? मुळीच नाही. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढू लागले, आणि त्याचा मटका झाला. कापूस गेला तरी पण राहिला.

क्रिकेटचे हेच होऊ पाहत होते. आमच्या अमरावतीचा जितेश शर्मा 2025 च्या आयपीएलमध्ये बंगळूरच्या संघाचा यष्टिरक्षक होता. 27 मे रोजी लखनौविरुद्ध कर्णधारपद सांभाळून त्याने 33 चेंडूंत नाबाद 85 धावा काढल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्या संघाने प्रथमच करंडक जिंकला. आमच्या आळीत त्या रात्री फटाके वाजले. परंतु त्याच आळीतील काही तरुणांस ती फलंदाजी दिसलीच नाही. ते मोबाइलवर आपल्या कल्पित संघाचे गुण मोजीत होते. त्यांच्या दृष्टीने जितेश हा खेळाडू नव्हे, एक भाव होता. असल्याच खेळाची एक कंपनी 2023 पासून भारतीय संघाच्या छातीवर झळकत होती. कायदा झाल्यावर तिने अंग काढून घेतले, आणि 2025 चा आशिया चषक आपले खेळाडू कोऱ्या सदऱ्याने खेळले. आम्हांस ते सदरे फार शोभिवंत वाटले.

आता नातीच्या बुद्धिबळाकडे येऊ. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. वय वर्षे एकोणीस. समोर होत्या कोनेरू हम्पी. दिव्याचा जन्म होण्याच्या तीन वर्षे आधीच त्या ग्रँडमास्टर झालेल्या! नेहमीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्याने बाजी मारली, आणि त्या विजयाने ती देशाची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. विजेतीस पन्नास हजार डॉलर मिळाले. कोणी म्हणेल, मग हाही पैशांचाच खेळ की! नव्हे. ते पन्नास हजार हम्पींच्या खिशातून निघाले नव्हते; त्यांनाही पस्तीस हजार मिळाले. पारितोषिक आणि पण यांत फरक आहे तो हाच. पारितोषिकात हरणारा घरी परततो तेव्हा त्याचे काही गेलेले नसते, गेलाच तर डाव गेलेला असतो, आणि तो उद्या पुन्हा मांडता येतो. आमच्या मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी 1970 नंतरच्या दशकात हा पट मराठी मुलींसाठी खुला केला. तो अकोल्यातील एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी बंद व्हावा, यास कारण काय? तिच्या काकाने रमीत पैसे घालविले हे!

मोबाइल आणि संगणकावरील खेळ सरसकट वाईट, असेही यजमानांनी समजू नये. आमच्या नातवाने पुण्याच्या एका मंडळीने केलेला ‘राजी’ नावाचा खेळ आम्हांस दाखविला. तो 2020 साली निघाला. राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावास शोधीत निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि देवी व विष्णू यांच्या संवादातून कथा पुढे सरकते. वाड्याच्या भिंतींवरील चित्रे पाहता पाहता आम्ही नातवास पुराणातील चार गोष्टी सांगितल्या, आणि त्याने आम्हांस उडी कशी मारावयाची ते शिकविले. शेवट तुटक आहे, हे खरे. परंतु नाटकाच्या तिकिटाप्रमाणे एकदा पैसे दिले की खेळ तुमचा. तेथे कोणी हरत नाही.

याउलट जे खेळ फुकट म्हणून येतात आणि मध्येच एक बंद पेटी पुढे करतात, त्यांविषयी आमचे मन शंकित आहे. पैसे द्या, पेटी उघडा. आत तलवार निघेल की चिंधी, हे उघडल्यावर कळणार. तीतील वस्तूचे पुन्हा पैसे होत नाहीत, म्हणून कायद्याच्या व्याख्येतून ती निसटण्याचा संभव आहे. परंतु मुलाच्या हातास जी सवय लागते ती पणाचीच. घरातील वडील मंडळींनी लक्ष ठेवावयाचे ते येथे.

तेव्हा भगिनींस आमचे उत्तर असे. नातीचा वर्ग येत्या सोमवारपासून पुन्हा सुरू करावा. यजमानांस हवे तर हा मजकूर वाचून दाखवावा. पुतण्यास घराबाहेर काढू नये, आणि चारचौघांत त्याचा हिशेबही मांडू नये. त्याच्या काकांनी एकट्याने त्याच्याशी बसावे, कोणाकोणाकडून उसने घेतले ते कागदावर लिहून काढावे, आणि काही महिने त्याच्या पगाराचे खाते दुसऱ्या कोणी सांभाळावे. या नादाने माणूस रात्री झोपत नाही, खोटे बोलतो, क्वचित जिवावर उदार होतो. म्हणून 14416 हा सरकारचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक त्यास देऊन ठेवावा, तेथे मराठीतून बोलता येते. कायदा झाल्यावरही परदेशांतून चोरून चालणारे असले खेळ आहेतच. त्यांत फसवणूक झाली असल्यास 1930 या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

राहिला सासूबाईंचा सारीपाट. ज्यास आज मुले लुडो म्हणून मोबाइलवर खेळतात, तो याच कुळातला. विलायतेत 1896 साली त्याचे पेटंट घेतले गेले. माळ्यावरील पट कसरीने खाल्ला नसल्यास उन्हात घालून झटकावा, आणि सोळा सोंगट्या मोजून पाहाव्या. कमी भरल्यास मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. आमच्याकडे लाखेच्या पाच जादा आहेत, तीन हिरव्या आणि दोन तांबड्या.