कासवाचे पिल्लू घरी पाळावे काय?



पावसाळा लागला की नाल्याला पाणी येते, बांधावर बेडकं ओरडू लागतात, आणि वर्गात कोणी ना कोणी कासवाचे पिल्लू घेऊन येतो. कोणी डब्यात आणतो, कोणी कंपासपेटीत. औंदा दोन आली. त्यावरून वर्गात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, शाळेच्या टाक्यात पिल्लू ठेवू आणि पाळीपाळीने त्याला खाऊ घालू. दुसरा पक्ष म्हणतो, सोडून देऊ. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. माझे मत येथे मांडतो. पटले नाही तर पुढच्या अंकात विरोधात खुशाल लिहावे.

कासव आपल्याला परके नाही. देवळात गेलो की देवाच्या समोर दगडाचे कासव असते. विष्णूच्या दहा अवतारांत दुसरा अवतार कूर्म, म्हणजे कासवाचाच. ससा आणि कासवाची गोष्ट तर पहिलीच्या पोराला पण पाठ असते. तेव्हा कासवावर माया सगळ्यांचीच आहे. प्रश्न मायेचा नाही, माया कशी करावी याचा आहे.

पाळू म्हणणारे पहिली गोष्ट सांगतात की पिल्लू एकटे सापडले, त्याला आई नाही, आपण नाही नेले तर ते मरेल. ऐकायला हे खरे वाटते. पण कासवाची रीत गाईम्हशीसारखी नाही. मादी काठावरच्या मातीत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा जवळ कोणी नसते, आणि त्याला कोणी लागतही नाही. पोहणे, लपणे, खाणे हे सारे त्याला जन्मापासून येते. म्हणजे एकटे दिसलेले पिल्लू पोरके नसते. ते आपल्या वाटेने चाललेले असते. आपण उचलतो तेव्हाच ते पोरके होते.

दुसरी गोष्ट कवचाची. पुष्कळांना वाटते की कवच म्हणजे अंगावर घातलेला डगला. तसे नाही. कासवाच्या फासळ्या आणि पाठीचा कणा यांचेच कवच झालेले असते. ते त्याचे हाड आहे आणि त्याला स्पर्श कळतो. पिल्लाचे कवच कोवळे असते. ते घट्ट व्हायला दोन वस्तू लागतात, ऊन आणि चुना असलेले अन्न. नाल्यात दोन्ही फुकट मिळते. पिल्लू दगडावर चढून ऊन घेते, आणि गोगलगाय खाल्ली की तिच्या शंखातून चुना पोटात जातो. घरात आपण त्याला बादलीत ठेवतो, बादली मोरीत ठेवतो आणि पोळीचा तुकडा टाकतो. मग कवच मऊ पडते, डोळे सुजतात आणि पिल्लू खाणे सोडते. आपण म्हणतो, "काय झालं बापा याले?" त्याला वेगळा रोग झालेला नसतो. त्याला ऊन आणि त्याचे अन्न मिळालेले नसते, एवढेच.

आपल्या भागातल्या नाल्यात, तळ्यात, शेततळ्यात सापडते ते बहुतेक मऊ पाठीचे कासव असते. पोटाखाली मागच्या पायांवर त्याला कातडीची झाकणे असतात. पाय आत घेतले की झाकण बंद! ते गोगलगाई, बेडूक, मासोळ्या, पाण्यातली झाडे आणि मेलेले जनावर सुद्धा खाते. उन्हाळ्यात पाणी आटले की चिखलात खोल शिरून पडून राहते आणि पाऊस आला की बाहेर येते. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. तो काढायची युक्ती या जनावराजवळ आहे. बादलीच्या तळाला मात्र चिखल नसतो.

मेलेले मासे आणि घाण खाऊन कासव पाणी स्वच्छ ठेवते. म्हणूनच १९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत सरकारने कासवे वाढवून वाराणसीजवळ गंगेत सोडली होती. आपल्याकडे जुनी माणसे विहिरीत कासव सोडत, तेही याच कारणाने. यावर एका आजोबांनी मला विचारले, "आमच्या वक्ताले विहिरीत कासव राह्यचं, पाणी निर्मळ राह्यचं. त्यात काय वाईट झालं?" आजोबांचा मान राखून मी सांगतो. पाणी निर्मळ राहत असेल, पण बांधलेल्या विहिरीतून कासवाला वर चढता येत नाही. अंडी घालायला त्याला काठाची माती लागते आणि ती विहिरीत नसते. म्हणजे ते कासव जगते, पण त्याचा वंश तेथेच संपतो. नाल्यात राहिले असते तर त्याची पोरंबाळं साऱ्या शिवाराचे पाणी निर्मळ करती.

आता कायद्याची गोष्ट. ही खास पालकांनी वाचावी. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात प्राण्यांच्या याद्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. टिपेश्वरच्या जंगलातला वाघ पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आपल्या नाल्यातले मऊ पाठीचे कासवही त्याच अनुसूचीत आहे. पाठीवर चांदण्या असलेले स्टार कासव लोक शहरात हौसेने पाळतात. २०२२ च्या दुरुस्तीने तेही पहिल्या अनुसूचीत गेले. या यादीतला प्राणी पकडला व गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद होऊ शकते. दंड कमीत कमी २५,००० रुपये. आम्ही मुले हौसेने पिल्लू आणतो, पण घर तर वडिलांच्या नावावर असते. ज्याच्या कपाशीचे पैसे अजून हाती यायचे आहेत, त्याच्या घरी हे संकट कशाला आणायचे?

याहून वाईट एक गोष्ट आहे. वीस नखांचे कासव असले की गुप्तधन सापडते, पैशाचा पाऊस पडतो, अशा थापा मारणारे लोक गावोगाव फिरतात. त्यापायी कासवे चोरून विकली जातात. असली अघोरी कामे करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. नखे मोजून धन मिळत असते तर कासव विकणाराच आधी श्रीमंत झाला नसता काय? घरात कासव आहे हे गावभर झाले की असे लोक दारात येतात. तेव्हा अशी कोणी चौकशी केली तर मुलांनी उत्तर न देता गुरुजींना किंवा घरी सांगावे.

काही मित्र म्हणतात, "मग शहरातल्या दुकानातून विकत आणू." माशांच्या दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवे, कानाजवळ लाल पट्टा असलेले पिल्लू मिळते. ते आपल्या देशातले नाही. त्याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आहे. दुकानदार म्हणतो, हे एवढेच राहते. पण ते जेवणाच्या ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे आज सातवीत आणले तर आपल्या लग्नात ते वरातीला असेल! मोठे झाले की लोक कंटाळतात आणि तळ्यात सोडतात. तेथे ते आपल्या कासवांचे अन्न आणि ऊन घ्यायची जागा बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. शिवाय कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. त्यांनी लहान मुलांना ताप व जुलाब होतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी केली. ज्या देशात हे कासव जन्मते त्याच देशाने लेकरांसाठी बंदी केली, तर आपण पैसे मोजून का आणावे?

परंतु कोणाच्या घरी हे परदेशी पिल्लू आधीच असेल तर त्याला मारू नये आणि नाल्यातही सोडू नये. त्याला नीट सांभाळावे. काचेची लहान बरणी कामाची नाही, मोठे टब घ्यावे. पोहता येईल इतके पाणी असावे आणि चढून बसायला कोरडा दगड असावा. रोज सकाळी ऊन मिळावे, पण अर्ध्या टबावर सावली राहावी, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात पाणी तापून पिल्लू मरते. पाणी वरचेवर बदलावे. बारीक मासोळ्या, पाण्यातली वनस्पती, हिरवा पाला द्यावा. दूध, पोळी, भात, बिस्कीट देऊ नये. हात लावला की साबणाने धुवावा आणि ते पाणी भांडी घासायच्या जागी ओतू नये. एवढे रोज वीस वर्षे होत असेल तरच हौस करावी.

आपल्याच राज्यात मायेची चांगली रीत एका गावाने दाखवली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव समुद्राकाठी आहे. तेथे समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. २००२ सालापासून सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था आणि गावकरी मिळून अंडी राखू लागले. कुंपण घालून ते घरटी जपतात, आणि पिल्ले निघाली की समुद्रात जाऊ देतात. कोणी पिल्लू घरी नेत नाही. ती पिल्ले पाण्यात जाताना पाहायला लांबून माणसे येतात, गावात राहतात, जेवतात, आणि गावाला चार पैसे मिळतात. पिल्लू सोडून देऊन त्या गावाचे काही कमी झाले नाही, उलट नाव झाले.

आपल्याकडे समुद्र नाही, पण वर्धा, पैनगंगा, अरुणावती, बेंबळा या नद्या आहेत आणि त्यांना मिळणारे शेकडो नाले आहेत. आपणही काही करू शकतो. पिल्लू रस्त्यावर दिसले तर ते ज्या दिशेने चालले असेल त्या बाजूला रस्ता ओलांडून द्यावे. विहिरीत किंवा कोरड्या टाक्यात पडलेले असेल तर काढून जवळच्याच नाल्याकाठी सोडावे, दूर नेऊ नये. जखमी असेल तर मोठ्यांना सांगून वनरक्षकाला कळवावे. आणि पालकांना हात जोडून विनंती, की फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नये. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलो नाही. जे विष माणसाला सोसत नाही ते कासवाच्या एवढ्याशा पिल्लाला काय सोसणार? त्याच नाल्यावर आपली ढोरंही पाणी पितात.

कोणी म्हणेल, मग आम्ही काही पाळूच नये काय? पाळावे की! कोंबडी पाळावी, शेळी पाळावी, कुत्र्याला भाकर घालावी. ही जनावरे कितीतरी पिढ्या माणसाजवळ राहत आली आहेत, त्यांना आपली सवय आहे आणि आपल्याला त्यांची. कासवाला आपली सवय नाही आणि गरजही नाही. त्याला हवे आहे स्वच्छ पाणी, मऊ काठ आणि थोडी शांतता. शाळेच्या टाक्यात यातले एकही नाही.

म्हणून माझे मत असे आहे की वर्गातली दोन्ही पिल्ले ज्या नाल्यातून आणली त्याच नाल्यावर गुरुजींना सोबत घेऊन याच शनिवारी सोडावी. तेथे काठावर कोणी काच, प्लॅस्टिक टाकले असेल तर तेही आपण त्याच दिवशी उचलून आणू. आलेल्या पालकांनीही सोबत यावे, म्हणजे पिल्ले कोठून आणली व कोठे सोडली हे साऱ्या गावाला माहीत राहील.

— वर्ग ७ वा