स्पॅनिश ॲपचे वर्षाचे पैसे भरताय? जरा थांबा



मागे एका व्हिडिओत मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "एक्सपोर्ट करायचंय ना? स्पॅनिश शिका. ॲप घ्या, रोज अर्धा तास द्या, झालं." आज त्यातलं अर्धं मागे घेतोय. कारण माझं ऐकून आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी खरंच पैसे भरले.

ताई सांगलीच्या. हळद पावडरचं छोटं युनिट आहे. आयईसी काढलेलं, स्पायसेस बोर्डाचं रजिस्ट्रेशन झालेलं. मेक्सिकोतल्या एका व्यापाऱ्याने चौकशी केली, त्याचं इंग्रजी जेमतेम. मग ताईंनी ॲपची वर्षाची फी भरली. कुठून? पॅकिंग मटेरियलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. चार महिने एका दिवसाचा खाडा नाही.

कॉलच्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तिकडे सकाळचे नऊ. माणूस हसतमुख, पण बोलायला सुपरफास्ट. त्याच्या बोलण्यात तीन वेळा 'कुर्कुमा' आलं आणि तिन्ही वेळा ताईंनी माझ्याकडे बघितलं. कुर्कुमा म्हणजे हळद हो! समोर टेबलावर लॅबचा रिपोर्ट पडलेला, त्यावर कुर्क्युमिनची टक्केवारी छापलेली. शब्द डोळ्यांसमोर होता, पण चार महिन्यांत मुलगा सफरचंद खातो, बाई पेपर वाचते, मांजर टेबलाखाली आहे, एवढंच झालं होतं. कॉल संपताना तो म्हणाला, मेल 'आओरीता' पाठवतो. ताई रात्री एकपर्यंत जाग्या. मेक्सिकोत आओरीता म्हणजे 'आत्ता', 'थोड्या वेळाने' किंवा आपलं 'करतो की' यांपैकी काहीही असू शकतं.

दोष ताईंचा नाही आणि त्या ॲपचाही पूर्ण नाही. सल्ला अर्धवट होता, तो माझा.

ही 'इमर्शन' पद्धत काय असते बघा. चित्र दाखवायचं, आवाज ऐकवायचा, भाषांतर अजिबात द्यायचं नाही. लहान मूल जसं शिकतं तसं शिका म्हणायचं. यातलं गाजलेलं नाव रोझेटा स्टोन. ती कंपनी १९९२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एकाला जर्मन भाषा जर्मनीत राहून सोपी गेली होती आणि रशियन मात्र वर्गात बसून जड गेली होती, त्यातून ही कल्पना आली. कल्पना चांगलीच आहे. कान तयार होतो, कोणी हसत नाही, मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून करता येतं. पण जर्मनीत राहणाऱ्याला पाववाला भेटतो, घरमालक भेटतो. स्क्रीनवरचं मांजर उलट प्रश्न विचारत नाही.

आणि माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. ही पद्धत तुमची मराठी दाराबाहेर काढून ठेवायला लावते. अहो, मराठी हे आपलं भांडवल आहे! इंग्रजीत 'मी' चहा आवडवून घेतो. आपण म्हणतो, मला चहा आवडतो. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'मे गुस्ता एल ते'. जशीच्या तशी रचना! आंबे अनेक झाले की आपलं 'आवडतो'चं 'आवडतात' होतं, त्यांचं 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं. इंग्रज विद्यार्थी इथे अडखळतो, आपण अडखळायचं कारण नाही. तू आणि तुम्ही? त्यांच्याकडे 'तू' आणि 'उस्तेद' आहेच. व्यापाऱ्याशी बोलताना उस्तेद वापरा, हे मराठी माणसाला एका वाक्यात कळतं. त, द तर आपलेच. चांगला-चांगली तसं 'बुएनो-बुएना'. आपल्याला लिंगं तीन, त्यांच्या नामांना दोनच, म्हणजे उलट एक कमीच झालं. हे सगळं मराठी येणाऱ्या माणसाने तासाभरात सांगितलं असतं. ताई हे चित्रांवरून अंदाज बांधत, चुकत चुकत शिकल्या.

आता एक कबुली. पन्नाशी ओलांडल्यावर मी साल्साच्या क्लासला जातो. हसा खुशाल, बायकोने नाव घातलं. पण हा सगळा प्रकार मला तिथेच उलगडला.

साल्साची बेसिक स्टेप सोपी आहे. एकवर डावा पाय पुढे, दोनवर वजन मागच्या पायावर, तीनवर डावा परत जागेवर, चारला थांबायचं. मग पाचवर उजवा मागे, सहा, सात, आठला थांबायचं. आठ मात्रा, आपल्या केरव्याइतक्याच. चारला थांबणं मात्र आपल्याला जमत नाही, पाय शिवशिवतात. बचाटात तीन पावलं आणि चौथ्यावर नुसता टेकवायचा पाय. मेरेंगे तर चालण्यासारखं, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. नवख्याने तिथूनच सुरू करावं असं माझं मत.

क्लासचा पहिला अर्धा तास आरशासमोर, एकट्याने. तिथे मी हिरो! मग जोडीदार येतो आणि सगळं संपतं. पहिल्याच दिवशी समोरच्या बाईंच्या पायावर दोनदा पाय दिला. दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतो. कोणी उंच, कोणी घाबरलेलं, कोणी माझ्यापेक्षा पुढचं. हाताच्या हलक्या दाबाने सुचवायचं असतं, ओढायचं नसतं, आणि ते सुचवणं ठोक्याच्या जरा आधी पोचावं लागतं. हे आरसा कसा शिकवणार? ॲप म्हणजे तो पहिला अर्धा तास. ताईंनी चार महिने तोच केला आणि थेट फ्लोअरवर उतरल्या.

मग आता काय केलं? ॲपचे पैसे तर परत येणार नव्हते, म्हणून रोजची पंधरा मिनिटं तिथे ठेवली. बाकी वेळ शिकवणीला. तासावर पैसे घेणारी शिक्षिका, आठवड्यातून दोनदा, ऑनलाइन. पहिल्याच दिवशी ताईंनी तिच्यासमोर स्वतःचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस ठेवलं. त्यातून यादी निघाली. सॅम्पल म्हणजे 'मुएस्त्रा', भाव म्हणजे 'प्रेसिओ', ॲडव्हान्स म्हणजे 'आंतिसिपो', भाडं म्हणजे 'फ्लेते'. साठेक शब्द झाले. शिक्षिका व्यापारी होते, भाव पाडते, मुद्दाम भरभर बोलते. ताई म्हणतात, "सर, घाम फुटतो." मी म्हटलं, मलाही फुटतो, सोमवारी आणि गुरुवारी.

तुमच्यापैकी ज्यांचा खरेदीदार इंग्रजीत मेल करतोय त्यांनी स्पॅनिशच्या नादी लागू नका, तो पैसा मालात घाला. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी ॲप महिन्याच्या हिशोबाने घ्या, वर्षाचं नको. आणि 'तीस दिवसांत फ्लुएंट' म्हणणाऱ्याला एकच विचारा, तीस दिवसांत समोर माणसं किती बसवणार?

व्यापाऱ्याचा मेल आला, पाचव्या दिवशी. दोन किलो सॅम्पल मागितलंय. पुढच्या बुधवारी रात्री साडेआठला दुसरा कॉल आहे. या वेळी मी शेजारी बसणार नाही, असं ताईंनीच सांगितलंय.