कर्जाचा हप्ता आणि आयटीआयचा दाखला

शैक्षणिक कर्जाचे व्याज शिक्षण चालू असतानाही चढत राहते. बँकांच्या नमुना योजनेत अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि पुढचे एक वर्ष हप्त्याला सवलत असते. व्याज अनुदानाची पात्रता नसेल तर व्याजाला नसते. ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार असतात. मुलाला नोकरी लागली नाही तर हप्ता बापाच्या पगारातून जातो. ‘पदवीसाठी कर्ज काढावेच, आयटीआय हा नाइलाज’ असे मांडणाऱ्या मागील अंकातील पत्रात हा हिशेब आलेलाच नाही.

आयटीआयमध्ये, १९५० साली सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत, संधाता (वेल्डर) एका वर्षात, तर तारतंत्री (वायरमन) किंवा एसी-फ्रिजचा मेकॅनिक दोन वर्षांत तयार होतो. या कामाला डोके लागत नाही, हा समज तर साफ चुकीचा. एसीचा गॅस गेला की अर्धवट शिकलेला माणूस नुसता गॅस भरून जातो आणि थोड्याच दिवसांत तक्रार परत येते. जाणकार आधी नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधतो, जोड नव्याने बसवतो, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढतो, मगच वजन करून गॅस भरतो. पनवेल असो की परभणी, उन्हाळ्यात अशा माणसाला दिवस पुरत नाही.

उमेदवारीतले विद्यावेतन तुटपुंजे असते, कारखान्यांत कंत्राटी भरतीही फार. बरी कमाई स्वतःचे गिऱ्हाईक बांधल्यावरच सुरू होते. महाराष्ट्रात दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि तो स्वतः कमावलेल्या पैशांतून.