आधी पेशंटला विचारा

आमच्या पुण्यात 'येरवडा' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तुरुंग, दुसरा वेड्यांचं हॉस्पिटल. "जास्त शहाणपणा केलास तर येरवड्याला पाठवीन हं!" असं मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. पोरं हसायची, मीही हसायचे. नक्की कुठल्या येरवड्याला, असं कधी कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. इथेही उंच भिंत, तिथेही उंच भिंत. आमच्या डोक्यात दोन्ही एकच होती.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही हे मला कळलं तेव्हा मी पासष्टी ओलांडली होती. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. जरा चिडून लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

"व्यसन हा आजार आहे." हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून मीच दोनदा लिहिलं असेल. पण आपण ते खरं मानतो का? माझ्या शेजारणीला गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. तिने काय केलं? ऑपरेशन झालेल्या सात-आठ जणींना फोन केले. डॉक्टर नीट बोलतात का, दुखलं का, सिस्टर रात्री हाक मारल्यावर येतात का, बिल सांगितलं तेवढंच आलं का... सगळं विचारून घेतलं आणि मगच नाव नोंदवलं. मोतीबिंदूचंही तसंच, बाळंतपणाचंही तसंच. आजारपणात आपण आधी पेशंटला विचारतो.

आता घरातल्या पिणाऱ्या माणसाला कुठे ठेवायचं म्हटल्यावर आपण काय विचारतो? "किती दिवस ठेवतात? महिन्याचे किती घेतात? आणि पळून तर जाणार नाही ना?" झालं. हे प्रश्न हॉस्पिटलला विचारायचे आहेत का हो? हे तर कोंडवाड्याला विचारायचे प्रश्न आहेत. तिथे राहून आलेल्या एकाही माणसाला आपण फोन करत नाही. एक तर लाज वाटते. आणि दुसरं म्हणजे "बेवड्याच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा?"

हे सगळं मी लोकांना सुनावते आहे असं समजू नका. हे मी स्वतः केलेलं आहे.

माझा एक भाचा आहे. आमच्या घरातल्यांना कोण ते कळेलच. त्याला विचारूनच लिहिते आहे. त्याची एकच अट होती, "मावशी, लिही, पण मला बिचारा करू नकोस." तेव्हा तसं करणार नाही. तो प्यायचा, भरपूर प्यायचा. नोकरी गेली, बायको माहेरी गेली, ताईच्या बांगड्या गेल्या. ताई म्हणाली, "तू शिकलेली, तूच बघ काहीतरी." २०१९ च्या पावसाळ्यात मी 'बघितलं'. एक जाहिरात बघितली, फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही काही काळजी करू नका. आमची माणसं येऊन घेऊन जातील. तुम्ही फक्त दार उघडा."

पहाटे पाच वाजता जीप आली. चार माणसं होती. दार मी उघडलं. तो झोपेत होता, त्याला तसाच उचलला. बनियनवर. जाताना त्याने आईकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "मावशी, तू पण?" एवढंच म्हणाला.

पहिला महिना फोन नाही, भेट नाही. 'ट्रीटमेंटमध्ये अडथळा येतो.' चाळीस दिवसांनी भेटायला गेलो. हायवेजवळ भाड्याचा बंगला, गेटला कुलूप. भाच्याचं डोकं भादरलेलं. मॅनेजर शेजारी खुर्ची टाकून बसलेला. मी विचारलं, "कसं आहे रे?" तो म्हणाला, "छान आहे." पस्तीस वर्षं शिकवलं मी. हेडमास्तर वर्गात उभे असताना पोरं ज्या आवाजात "हो सर, समजलं सर" म्हणतात तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. तो मी त्या दिवशी ओळखला नाही. खरं सांगायचं तर ओळखायचा नव्हता, कारण ओळखला असता तर त्याला घरी आणावं लागलं असतं.

चार महिन्यांनी तो घरी आला तेव्हा सांगायला लागला. तिसऱ्या रात्री अंग थरथरायला लागलं, भिंतीवर किडे दिसायला लागले, फिट आली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, त्याचा वार अजून यायचा होता. जुने पेशंट नव्यांना मारायचे आणि त्याला 'शिस्त' म्हणायचे. भांडी, फरशी, संडास सगळं यांच्याकडून. हे ऐकून मी काय म्हणाले असेन? "अरे, तू तेव्हा शुद्धीवर कुठे होतास? तुला काय आठवणार?"

अकराव्या दिवशी तो परत प्यायला. केंद्राला फोन केला तर तोच अदबीचा आवाज, "मॅडम, परत पाठवा, डिस्काउंट देऊ."

फिट आली ते ऐकून मी नंतर आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते दचकलेच. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, वेळेवर औषध नाही मिळालं तर माणूस दगावूही शकतो. त्यासाठी गोळ्या असतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं असतात, रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे ज्याला आम्ही 'नाटक' समजलो ते त्या मुलाच्या जिवावरचं होतं. पेशंट खरं सांगत होता. खोटं अदबीने बोलणारा सांगत होता.

आता कायद्याचं बघू. मी काही वकील नाही, पण वाचता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास त्याच्या व्याख्येतच आहेत. त्यात काय लिहिलं आहे बघा. पेशंटला साखळीने बांधायचं नाही. एकांतात कोंडायचं नाही. सक्तीने डोकं भादरायचं नाही. स्वतःचे कपडे घालू द्यायचे. कामाची सक्ती करायची नाही, आणि केलं तर त्याचा मोबदला द्यायचा. त्याला भेटायला माणसं येऊ द्यायची, फोन करू द्यायचा. केंद्राची नोंदणी हवी. तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचा पत्ता आणि फोन भिंतीवर दिसेल असा लावायचा.

"पण तो आपल्या पायाने जातच नाही, मग काय करायचं?" हा प्रश्न मला दहा जणांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचंही उत्तर कायद्यात आहे, कलम ८९ मध्ये. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येतं. पण आधी दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत तीस दिवसांपर्यंत. सात दिवसांत मंडळाला कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. आणि पेशंटला त्याविरुद्ध दाद मागता येते. यात पहाटेची जीप कुठे बसते ते मला कुणीतरी दाखवून द्यावं. आमच्या भाच्याला एकाही डॉक्टरने न तपासता उचलला. आणि मी, नागरिकशास्त्र शिकवलेली बाई, दाराची कडी काढून उभी होते.

२००१ सालच्या ६ ऑगस्टला तमिळनाडूत एरवाडीला एका खाजगी 'मनोरुग्ण गृहा'ला आग लागली. पेशंट साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जण गेले. तेव्हा आपण हळहळलो. पण त्या माणसांना तिथे बहुतेक घरच्यांनीच आणून सोडलं होतं, हे आपण विसरतो. आपल्याला ते जवळ नको असतात, आणि कुणीतरी 'घेऊन जातो' म्हणालं की पुढचं विचारायचं नसतं. यातून ही कुलपं टिकून राहतात.

दुसरा आक्षेप असतो की अशी केंद्रं बंद पडली तर जायचं कुठे? हाही खराच. २०१९ सालच्या देशव्यापी पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात. टंचाई आहेच. पण धान्याची टंचाई आहे म्हणून खडे खायला घालायचे का?

आणि चांगलं करता येत नाही असंही नाही. ते आपल्याच गावात झालेलं आहे, तेही त्याच येरवड्यात. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पुलं आणि सुनीताबाईंनी पैसे दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदाताई, त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९९७ मध्ये त्या गेल्या, पण त्यांनी घालून दिलेली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. व्यसन सोडलेली माणसंच तिथे पुढे समुपदेशक झाली. म्हणजे जो काल पेशंट होता त्याचा अनुभव हीच तिथली पदवी. मी त्यांची जाहिरात करत नाहीये. एवढंच म्हणते की पेशंटच्या शब्दाला किंमत दिली तर काम बिघडत नाही, उलट होतं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवातही अशीच. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. एका पेशंटने दुसऱ्याचं ऐकलं, त्यातून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. फी नाही, कुलूप नाही. आमचा भाचा शेवटी स्वतःच्या पायांनी अशाच एका मीटिंगला गेला, एका शाळेच्या वर्गात. बाकावर बसून बोलायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. मधे एकदा घसरला, परत गेला. आता चौथं वर्ष चालू आहे. डॉक्टरांकडेही जातो. उद्याचं कुणी सांगावं? तो स्वतःच "आजचा दिवस" एवढंच म्हणतो.

तेव्हा मंडळी, घरात कुणासाठी केंद्र शोधायची वेळ आली तर या बाईचं ऐका. नोंदणीचा कागद बघायला मागा. रात्री दोन वाजता फिट आली तर कोण डॉक्टर येतो ते नावासकट विचारा. आठवड्यात भेटू देता का, मॅनेजर बाजूला बसणार नाही ना, हे विचारा. आणि तिथून घरी आलेल्या निदान दोन माणसांशी बोला, केंद्राने निवडून दिलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या. ते चिडून बोलतील, काही वाढवूनही सांगतील. वर्गातली भांडणं मी आयुष्यभर सोडवली आहेत. वाढवून सांगणाऱ्या पोराच्या पाठीवरचा वळ खोटा नसतो. आणि कुणाला विचारावं हेच कळत नसेल तर सरकारची टेली-मानस ही फुकट फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. व्यसनासाठी वेगळा १४४४६. जाहिरातीतल्या नंबराआधी हे फिरवा.

मागच्या आठवड्यात हे लिहायला घेतलं तेव्हा भाच्याला विचारलं, "त्या दिवशी मी काय करायला हवं होतं रे?" मला वाटलं तो म्हणेल, बोलवायलाच नको होतंस त्यांना. तो चहा पीत होता. जरा थांबून म्हणाला, "दार उघडायच्या आधी मला उठवायचं होतंस."

असो. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि जे स्वतः अशा ठिकाणी राहून आले आहेत त्यांनी मला जरूर सांगा, चांगलं असो वा वाईट. "तुला काय आठवणार" असं मी आता कुणाला म्हणणार नाही.