माळ्यावरची खोली

आपल्याकडे हॉटेल म्हटले की चहा, भजी, मिसळ आणि टेबलावर ओले फडके मारणारा पोऱ्या डोळ्यांपुढे येतो. मुक्कामासाठी आपण हॉटेल शोधत नाही; नात्यातल्या कुणाच्या तरी घरी सतरंजी टाकतो. म्हणून ‘आपण क्वेबेक शहरात तीन रात्री हॉटेलात राहणार’ असे आमच्या टोरांटोच्या लेकीने जाहीर केले, तेव्हा आम्ही आधी दर विचारला. तो तिने सांगितला नाही.

फ्रेंच लोकांच्या ‘ओतेल’ शब्दाची गंमत पुढे कळली. शहरातल्या प्रतिष्ठित माणसाचे मोठे घर, तसेच सार्वजनिक इमारत, असाही त्याचा अर्थ आहे. क्वेबेकमध्ये नगरपालिकेची कचेरी म्हणजे ‘ओतेल द व्हिल’. विधिमंडळ म्हणजे ‘ओतेल द्यु पार्लमाँ’. आणि ‘ओतेल-द्यू’, म्हणजे देवाचे घर, हे तर चक्क इस्पितळ! फ्रान्सहून आलेल्या तीन जोगिणींनी ते १६३९ साली सुरू केले. मेक्सिकोच्या उत्तरेकडील अमेरिकेतले ते पहिले इस्पितळ. म्हणजे नुसती पाटी वाचून कुणी बोचके घेऊन आत शिरला, तर तो आमदारांत जाऊन बसायचा किंवा रुग्णांत!

आम्ही उतरलो ते हॉटेल मात्र पूर्वी खरोखरच कुणाचे तरी घर होते. क्वेबेकच्या जुन्या वस्तीत, तटबंदीच्या आत, अशी घरे ओळीने उभी आहेत. भिंतीला भिंत लागलेली, दगडाची किंवा विटांची, तीन-चार मजल्यांची, रस्त्याकडे तोंड केलेली. एके काळी त्यांत व्यापारी, वकील, लष्करी अधिकारी राहत. आज त्यांपैकी बऱ्याच घरांत दहा-पंधरा खोल्यांची छोटी हॉटेले चालतात. बाहेरून पाहिले तर छोटी पाटी आणि चार पायऱ्या. आत गेले की दिवाणखान्यात नोंदवहीचे टेबल, आणि त्यामागून वर जाणारा लाकडी जिना.

जिना महत्त्वाचा, कारण लिफ्ट नाही. दीड-दोनशे वर्षांच्या घरात लिफ्ट बसवायची तर अर्धे घर पाडावे लागेल. रेल्वेचे स्टेशन खालच्या गावात आणि हॉटेल वरच्या गावात, म्हणजे टेकडीवर. त्यामुळे चढण आधीच होऊन गेलेली, त्यावर हा जिना. आमची खोली सर्वांत वर, उतरत्या छपराखाली. खिडकी छपरातून बाहेर काढलेली, पलंगाच्या एका बाजूला ताठ उभे राहता येत नाही. लेक ओशाळली. म्हणाली, ‘‘बाबा, वरची खोली स्वस्त असते म्हणून घेतली.’’ आम्ही म्हटले, अगं, चाळीत चौथ्या मजल्यावर तीस वर्षे पाण्याच्या बादल्या चढवल्या. त्यापुढे हे काहीच नाही.

पण ती खोली स्वस्त का, हे मनात आले. अशा घरांत मालक मधल्या मजल्यांवर राहत आणि नोकर-मोलकरणी माळ्यावर झोपत. उन्हाळ्यात छप्पर तापे, हिवाळ्यात गारठा आत येई. आणि त्याही आधीच्या काळात या शहरात पगारी नोकरच नव्हते, गुलामही होते. मादागास्कर बेटावरचा एक लहान मुलगा १६२९ साली येथे विकला गेला. पुढे ऑलिव्हिए ल जन या नावाने त्याची नोंद झाली आणि १६५४ साली त्याला पुरले. मार्सेल त्रुदेल या इतिहासकाराने जुनी दप्तरे चाळून क्वेबेकमधल्या सुमारे ४२०० गुलामांची मोजदाद केली. त्यांतले दोन-तृतीयांश तेथलेच आदिवासी होते. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली ती १८३४ साली. शहराच्या देखण्या पुस्तिकांत तटबंदी, तोफा, चर्च सारे असते; हा मजकूर मात्र शोधावा लागतो.

खिडकीतून समोरची छपरे दिसत. प्रत्येक दोन घरांमधली दगडी भिंत छपराच्याही वर हात-दोन हात निघालेली, आणि छपरावर कायमची टेकवून ठेवलेली शिडी. आमच्या नातीने विचारले, शिडी काढायची विसरले का? विसरलेले नाहीत. आगी लागून घरेच्या घरे जळत, म्हणून द्युपुई नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७२७ साली हुकूम काढला, घरे दगडाची बांधा, लाकडी कौलांची छपरे घालू नका, दोन घरांमध्ये आग अडवणारी भिंत वर काढा. धुराड्याला आग लागली तर चढायला शिडी हवी. छपरे उभी चढाची का, तर बर्फ घसरून पडावे म्हणून. एका हिवाळ्यात तेथे सुमारे तीन मीटर बर्फ पडते.

आगीचा विषय निघाला म्हणून सांगतो. कुणाचे मूल त्या देशात असेल आणि ते तुम्हाला फिरायला नेणार असेल, तर एवढे जरूर विचारा की उतरण्याच्या जागेला सरकारी नोंदणी क्रमांक आहे ना? १६ मार्च २०२३ रोजी मॉन्ट्रियल शहराच्या जुन्या भागात एका जुन्या इमारतीला आग लागून सात जण मृत्युमुखी पडले. त्यांतले काही पर्यटकांना बेकायदा भाड्याने दिलेल्या जागांत उतरले होते. त्याच वर्षी क्वेबेक प्रांताने कायदा कडक केला आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक दाखवणे सक्तीचे केले. आम्ही पहिल्या रात्री सामान ठेवून आधी मागचा जिना कुठे आहे ते पाहून आलो. लेक हसली, हसू दे.

आता मूळ गोष्ट. हॉटेलच्या दारातून आत शिरताच टेबलामागची बाई म्हणाली, ‘‘बाँझूर!’’ आणि थांबली. आम्ही बाँझूर म्हणेपर्यंत पुढचे बोलणे नाही. दुकान असो, बस असो, तेथली रीत हीच. आधी नमस्कार, मग काम. आम्ही उच्चारले तसे उच्चारले, लगेच तिने छान इंग्रजीत किल्ल्या, न्याहारीची वेळ, नळाचे गरम पाणी सारे समजावले. म्हणजे इंग्रजी येत नाही असे नव्हते. पण पहिला शब्द आपल्याच भाषेतला.

याला कारण आहे. हे शहर शाँप्लँ या फ्रेंच माणसाने १६०८ साली वसवले. १३ सप्टेंबर १७५९ रोजी शहराबाहेरच्या पठारावर फ्रेंच इंग्रजांकडून हरले. दोन्ही सेनापती, वुल्फ आणि माँकाम, त्या लढाईच्या जखमांनी मेले. (त्याच युद्धात १७६१ साली आपल्याकडे पाँडिचेरीही इंग्रजांनी घेतली होती.) हॉटेलजवळच्या बागेत दोघांचा मिळून एकच स्तंभ आहे, १८२८ सालचा. जिंकणारा आणि हरणारा यांचे एकच स्मारक आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही. त्यावरचा लेख लॅटिनमध्ये आहे. इंग्रजी नको आणि फ्रेंचही नको, अशी तोड काढलेली दिसते.

लढाई एका दिवसात संपली, पण हरलेल्यांची भाषा पुढे दोनशे वर्षे खालच्या पायरीवर राहिली. कारखाना, बँक, मोठी दुकाने इंग्रजी बोलणाऱ्यांची. ओझी वाहणारा, यंत्रावर उभा राहणारा फ्रेंच. १९६१ च्या जनगणनेच्या आधारे सरकारी आयोगाने हिशेब मांडला, तेव्हा क्वेबेकमध्ये कमाईच्या क्रमात चौदा गटांत फ्रेंच बारावे निघाले, आपल्याच प्रांतात आणि बहुसंख्य असूनही! चारचौघांत फ्रेंच बोलणाऱ्याला ‘गोऱ्यांची भाषा बोल’ असे हिणवले जाई. ते स्वतःही गोरेच. पण तुच्छता दाखवायला कातडीच वेगळी लागते असे नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मग १९७७ साली रेने लेव्हेक यांच्या सरकारने फ्रेंच भाषेची सनद केली. फ्रेंच ही प्रांताची राज्यभाषा १९७४ सालीच झाली होती. आम्हाला त्यातले भावले ते हे, की कामगाराला आपले काम फ्रेंच भाषेतून करण्याचा हक्क आहे असे त्यात लिहिले आहे. साहेबाला इंग्रजी येते म्हणून मजुराने गप्प राहायचे, हे बंद. रस्त्यावर थांबण्याची जी लाल पाटी असते, तीही तेथे फ्रेंचमध्ये. खुद्द फ्रान्समध्ये त्या पाटीवर इंग्रजी ‘स्टॉप’ लिहितात, क्वेबेकमध्ये ‘आरे’! आमची नात पाटी दिसली की ओरडायची, ‘‘अरे! थांब!’’ मराठी माणसाला इतकी सोयीची पाटी जगात दुसरी नसेल.

याला दुसरी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. ‘क्वेबेक’ हा शब्दच मुळी तेथल्या आदिवासींचा, नदी अरुंद होते ती जागा. शहरापासून थोड्या अंतरावर वेंडाके हे वेंडाट लोकांचे गाव आहे. त्यांची भाषा बोलणारे शंभर वर्षांपूर्वीच संपले. आता जुन्या पाद्र्यांनी लिहिलेल्या शब्दकोशांवरून ती पुन्हा शिकवली जात आहे. स्वतःच्या भाषेसाठी झगडणाऱ्यांनी या भाषेकडे किती लक्ष दिले? २०२२ च्या कायद्याने नव्याने आलेल्या स्थलांतरितांशी, काही अपवाद सोडून, सहा महिन्यांनंतर सरकार फक्त फ्रेंचमध्येच व्यवहार करते. पोट भरायला आलेल्या माणसाने दोन पाळ्या करून सहा महिन्यांत भाषा शिकायची कशी, हे कायदा करणाऱ्यांनी सांगावे.

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून नव्हे, माळ्यावरच्या खोलीतच पडला. नातीच्या आजीने पंचवीस वर्षे इस्पितळात आयाचे काम केले. सकाळी उठली की पलंगाची चादर ताणून, कोपरे दुमडून, पट्टीने आखावे तशी बसवते. ही सवय हॉटेलातही सुटली नाही. साफसफाईला आलेल्या बाईने तो पलंग पाहिला आणि ती हसूच लागली. ती मूळची हैती देशातली, वयाने पन्नाशीची. तिने फ्रेंचमध्ये काही विचारले. आजीला फ्रेंच नाही, इंग्रजीही नाही. लेक-जावई खाली न्याहारीला गेलेले. उरली दहा वर्षांची नात.

ही पोर टोरांटोत फ्रेंच माध्यमाच्या वर्गात जाते. मराठी तिला समजते सगळे. पण विचारले मराठीत की उत्तर येते इंग्रजीत. तिच्या आईने सांगून पाहिले, आम्ही फोनवर रागावून पाहिले, उपयोग शून्य. त्या सकाळी मात्र मध्ये दुसरे कुणी नव्हते. बाईचे फ्रेंच ऐकायचे आणि आजीला मराठीतच सांगायचे. इंग्रजीत सांगून उपयोग काय? पोर अडखळली, हात हलवले, पण बोलली. ‘‘आजी, ती विचारते, तू पण हे काम केलं?’’ आजी म्हणाली, ‘‘सांग तिला, इस्पितळात. चाळीस खाटा.’’ बाईने सांगितले, येथे त्या दोघीच. चादरी-टॉवेलांचे गठ्ठे रोज याच जिन्याने वर आणायचे आणि खाली न्यायचे. मग तिने पायावर हात ठेवून काही सांगितले. नात अडली. शब्द येईना. स्वतःचा पाय दाखवून म्हणाली, ‘‘हे! हे दुखतं तिचं.’’ आजी म्हणाली, ‘‘गुडघा गं.’’ ‘‘हां, गुडघा. दोन्ही.’’

आजीने पिशवीतून मालिशच्या तेलाची बाटली काढून त्या बाईच्या हातात दिली आणि कसे लावायचे ते अर्धा तास चालले. कोमट करून लाव, खालून वर चोळ, रात्री कापड गुंडाळ. सगळे मराठीतून फ्रेंचमध्ये. आमची न्याहारी त्या दिवशी गार झाली. न्याहारी म्हणजे पाव, उकडलेले अंडे, फळे, आणि मेपल झाडाच्या रसाचा पाक. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक होतो. जगातल्या अशा पाकापैकी सुमारे ७० टक्के एकटा क्वेबेक प्रांत बनवतो. आजीने बोटावर घेऊन चाखला आणि निकाल दिला, ‘‘पातळ काकवी.’’

फिरणे व्हायचे ते झाले. साडेचार किलोमीटरची तटबंदी आहे. १८७० नंतर लोक ती पाडायला निघाले होते. लॉर्ड डफरिन या गव्हर्नर जनरलने ती वाचवली. हाच गृहस्थ पुढे १८८४ साली आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला. अमरावतीचे डफरिन आणि सोलापूरचा डफरिन चौक ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी क्वेबेकच्या नदीकाठच्या लाकडी सज्जाचे नाव ओळखावे, डफरिन टेरेस. त्या सज्जावर शातो फ्राँतनाक हे सहाशेवर खोल्यांचे महाल-हॉटेल उभे आहे. रेल्वे कंपनीने ते १८९३ साली उघडले. आम्ही बाहेरून पाहिले, फोटो काढला, पुढे गेलो.

निघायच्या दिवशी बिल आले. खोलीच्या दरावर केंद्राचा ५ टक्के आणि प्रांताचा ९.९७५ टक्के कर, शिवाय मुक्कामाचा वेगळा कर. जाहिरातीत दिसणारा आकडा आणि द्यायचा आकडा यांत बराच फरक पडतो, तो आधीच धरून चालावे. साफसफाई करणाऱ्या बाईसाठी काही पैसे खोलीत ठेवण्याची तेथे रीत आहे. ते बिलात नसतात, ज्याने त्याने ठेवायचे. लेकीने ठेवले. नातीने वहीचे पान फाडून फ्रेंचमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि पैशाखाली सरकवल्या. काय लिहिलेस म्हणून विचारले, तर म्हणाली, ‘‘तेल गरम करून लाव. आजीने परत सांगितलंय.’’