स्वच्छ फोटोवर किती विसंबावे?

विद्यार्थिमित्रांनो, उकळत्या किटलीकडे एकदा नीट पाहा. तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. पांढरा ढग दिसतो तो बोटभर अंतरावर. खरी वाफ अदृश्य असते आणि दिसणारा ढग म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब, हे तुम्ही शिकला आहात. मग ई-सिगारेट ओढणारा जो पांढरा लोट सोडतो, त्याला वाफ कसे म्हणावे? प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन यांच्या थेंबांचे ते वायुकलिल असते. ‘व्हेपिंग’ हे नावच दिशाभूल करणारे आहे.

या नावाच्या जोडीला एक दिलासाही ऐकू येतो : “छातीचा फोटो स्वच्छ आला, म्हणजे अपाय नाही.” माझा आजचा वाद या वाक्यातील ‘म्हणजे’ या शब्दाशी आहे.

छातीचा फोटो म्हणजे क्ष-किरणांनी पाडलेली सावली. जेथे घनता जास्त, तेथे किरण अडतात. गाठ, पाणी, न्यूमोनियाचा डाग त्यात दिसतो. परंतु फुप्फुसाचे खरे काम आहे हवा कोट्यवधी वायुकोशांपर्यंत नेणे आणि तेथील अतिशय पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात पोचवणे. पाटाचा नकाशा पाहून टोकाच्या शेतात पाणी पोचले की नाही हे सांगता येत नाही. तसेच सावली पाहून हे काम नीट चालले आहे की नाही ते सांगता येत नाही.

हे काम पाहण्याची एक युक्ती भौतिकशास्त्राने दिली आहे. एम. आर. आय. यंत्र मुख्यतः शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांचे संकेत टिपते. फुप्फुसात हवाच फार, म्हणून चित्र बहुतांशी काळे येते. मग त्या हवेचेच चित्र का घेऊ नये? झेनॉन-१२९ या निरुपद्रवी वायूचे अणुकेंद्र इवल्याशा चुंबकासारखे वागते. अडचण अशी, की यंत्राच्या प्रबळ क्षेत्रातही जवळजवळ निम्मे चुंबक एका दिशेला आणि निम्मे उलट दिशेला राहतात. फरक दहा लाखांत एक-दोनचाच. म्हणून रुबिडियमच्या बाष्पावर वर्तुळ-ध्रुवित लेसर प्रकाश टाकतात. रुबिडियमचे इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात आणि टकरींतून ते वळण झेनॉनला देतात. आता हा फरक शेकडा दहा-वीस किंवा त्याहूनही अधिक होतो. प्रकाशाने अणूंना असे वळवण्याच्या पद्धतीसाठी फ्रान्सच्या आल्फ्रेड कास्लर यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. तिच्या आधारे १९९४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उंदराच्या फुप्फुसाचे चित्र घेतले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने माणसाच्या फुप्फुसात हवा कोठे पोचते हे पाहण्यासाठी या वायूला मान्यता दिली.

माणूस हा वायू श्वासात घेऊन काही सेकंद रोखून धरतो. जेथे वायू पोचत नाही, तेथे चित्रात काळी जागा राहते. शिवाय हवेत, पडद्यात आणि तांबड्या रक्तपेशीत झेनॉनचा ‘सूर’, म्हणजे त्याची वारंवारता, थोडी थोडी वेगळी असते. त्यामुळे वायू रक्तात किती उतरला हेही कळते. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांत हे उतरणे मंदावलेले आढळले, आणि त्यांची सी. टी. चित्रे मात्र जवळजवळ निर्दोष होती. साधे चित्र स्वच्छ असतानाही काम बिघडलेले असू शकते, याचा हा पुरावा.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंग करणाऱ्यांत फुप्फुसाच्या दुखापतीची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ जण दगावले. गांजातील द्रव्य असलेल्या मिश्रणात घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी तिचा दाट संबंध दिसला. त्या रुग्णांचे डाग छातीच्या साध्या फोटोतही दिसत होते. भडकलेली आग कोणालाही दिसते; मला चिंता आहे ती राखेखालच्या निखाऱ्याची. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी मांडले, ते रुग्णांची मोजदाद करून. तोवर लाखो लोकांनी किंमत मोजली होती. आज आधी पाहण्याचे साधन हाती असताना पुन्हा मोजदादीची वाट पाहणे मला क्षम्य वाटत नाही.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात बंद आहे. पण बंदीने कुतूहल संपत नाही, चोरटी विक्रीही थांबत नाही. म्हणून अभ्यास हवाच. तो करतानाही सावध राहिले पाहिजे. व्हेपिंग करणारे पुष्कळ जण सिगारेटही ओढतात. चित्रातील काळ्या जागेचा दोष कोणाला द्यायचा? दोन्ही न करणाऱ्यांशी तुलना करावी आणि त्याच व्यक्तींची चित्रे वर्षानुवर्षे घ्यावीत, तेव्हाच उत्तर मिळेल.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की “एका झुरक्यात फुप्फुस जळते” असे सांगू नका. मुलांना ते खोटे असल्याचे लवकरच कळते, आणि मग आपल्या खऱ्या शब्दांवरचाही विश्वास उडतो. “अपाय दिसला नाही” आणि “अपाय नाही” यांतला फरक शिकवा.

आणि विद्यार्थ्यांनो, कोणी स्वच्छ फोटोचा दाखला दिला, तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या उपकरणाने पाहिले? त्या उपकरणाला काय दिसू शकते? आणि तुलना कोणाशी केली? यांची उत्तरे मिळेपर्यंत आपले फुप्फुस दुसऱ्याच्या प्रयोगासाठी देऊ नका.